मनोरीला, विजेशिवाय

मार्व्याच्या जेटीवर लालीला उचलायला दोघं लागले.
पुतणीचं सगळं ऊन
एका हातातल्या पिशवीत मावत होतं.
बोटवाल्याने लालीचं तिकीट वेगळं फाडलं,
माणसाइतकं.
मी म्हणालो, बरोबर आहे, घरात कमावती तीच.

तेवीस वर्षं भाड्याने जाते.
लग्नं, प्रचारसभा, मढच्या बंगल्यांतली शूटिंगं,
वीज गेलेल्या चाळीत मयताची शीतपेटी
रात्रभर, कोल्हापूरचा मुलगा पोचेपर्यंत.
चोक ओढायचा, दोरीला हिसका द्यायचा,
तिसऱ्या हिसक्याला ती खोकते, मग बोलू लागते,
मग दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही.

पास्कोलच्या वाडीत सहा तंबू,
खांब नाही, बोर्ड नाही, वायर म्हणाल तर कपडे वाळत घालायची.
शाल्मलीने चार काळी पानं वाळूवर मांडली
पापड घालावेत तशी,
आणि दर तासाला उठून त्यांचं तोंड फिरवत राहिली,
अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलावी
तितक्या हळू.

मी म्हणालो, शंभर वॅट! माझी इस्त्री तापायची नाही यावर.
ती म्हणाली, काका, समुद्रावर इस्त्री कोण करतं?
मी म्हणालो, ढग आला तर?
ती म्हणाली, पेट्रोल संपलं तर?
कॅन दाखवला तिला. पाच लिटर, काठोकाठ.
गप्प बसली. मला वाटलं, जिंकलो.

चार वाजता सुरूची सावली सरकत आली,
बारीक, फणीच्या दातांसारखी,
आणि बॅटरीचा आकडा चौसष्टवर बसला
तो बसलाच.
मी हसलो. मोठ्याने हसलो, कबूल करतो.

रात्री सहा दिवे, नऊ मोबाईल,
केतकीच्या सात महिन्यांच्या बाळाला छोटा पंखा.
दहाच्या सुमारास आकडा वीसवर आला
आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.
दोरी हातात घेतली होती मी.
पास्कोल म्हणाला, थांब जरा. भरती येतेय.

दिवे मालवले त्यांनी, पंखा तेवढा ठेवला.
कुणी बोलेना.
मग शाल्मली हळूच: ऐकलंत?
सगळे हो म्हणाले. मीही म्हणालो.

माझ्या डाव्या कानात लाली चालू होती.
टाकीचा कॉक बंद, दोरी गुंडाळलेली, तरी चालू.
तेवीस वर्षं ती याच बाजूला उभी होती ना.
मालाडच्या डॉक्टरने कागदावर रेघ काढून दाखवलेली,
खाली खाली उतरत जाणारी,
जेटीच्या पायऱ्यांसारखी, ओहोटीला दिसणाऱ्या.
तो कागद गाडीच्या डिकीत आहे, जुन्या स्पार्क प्लगांखाली.

मी मान वळवली,
उजवा कान पाण्याकडे केला
पोरगी पॅनल फिरवते तसा, थोडा थोडा,
आणि मग कुठेतरी, लांब,
गोणीतून तांदूळ ओतावेत तसं काहीतरी.

दीडला पंखा थांबला. बाळ किंचाळलं.
पास्कोलला हाक मारली, दोघांनी मिळून
लालीला विहिरीपलीकडे नेलं, वारा तंबूंकडे जात नाही तिथे,
होती नव्हती ती सगळी वायर सोडली.
तिसऱ्या हिसक्याला खोकली.
बाळ झोपेपर्यंत बसलो तिच्याजवळ,
डावा कान तिच्याकडे करून.
त्याचं आता काय जायचं होतं?

सकाळी पॅनल मीच उघडलं, पूर्वेला, खाडीकडे.
पलीकडे टॉवर उभे. ऊन त्यांच्यामागून यायचं,
म्हणजे उशिरा.
शाल्मली चहा घेऊन आली, शेजारी बसायला लागली.
म्हटलं, इकडून नको,
या बाजूला बस.